साथ कोणी कोणाची करावी?
वेस माँटगॉमेरीच्या ‘बंपिन’ या तबकडीविषयी

वाचकहो, नेहमी या पानांवर पुस्तकाविषयी किंवा नाटकाविषयी काही लिहिले जाते. आज आम्ही एका तबकडीविषयी लिहीत आहोत. तबकडी जुनी आहे, १९६५ सालची. वाजवणारा गृहस्थ अमेरिकेतला, आणि ऐकणारे आम्ही सध्या ओमानमध्ये बरका गावी. तरीही हा विषय तुम्हाला परका वाटणार नाही, असा आमचा भरवसा आहे.

ही तबकडी आमच्या घरी आली ती थोरल्या बंधूंमुळे. दादांना तरुणपणी जाझचा भारी नाद. चर्चगेटच्या हॉटेलांतून तेव्हा गोव्याचे वादक जाझ वाजवीत. आत जाऊन बसण्याइतके पैसे खिशात नसत, म्हणून दादा बाहेर फुटपाथवर उभे राहून ऐकत. बोटीवर नोकरीस असलेल्या त्यांच्या एका मित्राने १९६९ साली ही तबकडी आणून दिली. दादांनी ती दोनदा ऐकली आणि कपाटात ठेवून दिली. “गिटार सोन्यासारखी आहे, पण वर साखरेचा पाक ओतलाय,” असे त्यांचे मत. पाक म्हणजे व्हायोलिने. १९७१ साली दादा आणि वहिनी इस्रायलला गेले. बाकीच्या तबकड्या त्यांनी ट्रंकेत घातल्या, आणि ही तेवढी आमच्या हातात ठेवून म्हणाले, “ही तुला ठेव. ह्यात व्हायोलिनेच फार!”

पन्नासांहून अधिक वर्षे आम्ही दादांचेच मत आपले म्हणून बाळगले. यंदाच्या हिवाळ्यात ते बदलले. म्हणून हा लेख.

आमचा मुलगा बरक्याला नोकरीस आहे. थंडीचे दोन महिने आम्ही उभयता ठाण्याहून त्याच्याकडे येऊन राहिलो आहोत. मस्कतहून सीबमार्गे पश्चिमेकडे किनाऱ्याने निघाले की तासाभरात बरका येते. समुद्राजवळ जुना किल्ला, मासळीबाजार, खजुरीच्या बागा, आणि हलव्याची दुकाने. बांगडे, सुरमई पाहिल्यावर आपण अलिबागेला आहोत की काय असे वाटते. गुरुवारी संध्याकाळी मुलाला दुसऱ्या दिवसाची सुटी असते. एका गुरुवारी किनाऱ्यावर बसलो असता त्याने आपल्या फोनवर हीच तबकडी लावली. घरच्या यंत्रावर जी व्हायोलिने कानांवर येऊन आदळत, ती तेथे लाटांच्या आवाजात मागे सरली आणि गिटार पुढे आली. आम्ही एकमेकांकडे पाहिले. मग रोज ऐकत गेलो.

आधी वादकाची ओळख. जॉन लेस्ली माँटगॉमेरी, ज्याला सारे वेस म्हणत, त्याचा जन्म १९२३ साली इंडियानापोलिस येथे झाला. त्याला गुरू नव्हता. विशीच्या सुमारास चार्ली ख्रिश्चन या गिटारवादकाच्या तबकड्या ऐकून त्याने त्या सुरासुराने उतरवल्या. शेजाऱ्यांना आवाजाचा त्रास नको म्हणून त्याने नखी टाकून दिली आणि उजव्या हाताच्या अंगठ्याने तारा छेडू लागला, असे सांगतात. त्या अंगठ्यामुळे त्याचा सूर गोल, मऊ आणि उबदार झाला. दुसरी त्याची खूण म्हणजे जोडसूर. एकच सूर दोन सप्तकांत एकदम वाजवायचा, आणि तोही इतक्या वेगाने की जणू एकच तार बोलते आहे. तिसरी खूण म्हणजे सुरांचे गुच्छ करून त्यांतूनच चाल सांगणे. त्याचे वादन बहुधा या तीन पायऱ्यांनी चढत जाते: आधी एकेरी सूर, मग जोडसूर, शेवटी सुरांचे गुच्छ.

१९४८ ते १९५० तो लायोनेल हॅम्प्टनच्या बँडबरोबर गावोगाव हिंडला. पण घरी बायकामुले होती. मुले पुढे सात झाली. तो परत आला आणि कारखान्यात कामाला लागला. दिवसा कारखाना, रात्री एका बारमध्ये वादन, आणि ते संपले की पहाटेपर्यंत दुसरीकडे. अशी वर्षे गेली. १९५९ साली कॅननबॉल ॲडर्ली या नामांकित सॅक्सोफोनवादकाने त्याला तेथे ऐकले आणि न्यूयॉर्कच्या रिव्हरसाइड कंपनीला कळवले. तेव्हा वेस छत्तीस वर्षांचा होता.

येथे आम्हाला आमच्या मेहुण्यांची आठवण होते. ते दिमोण्याला कापडाच्या कारखान्यात पाळी करीत, आणि रात्री पेटी काढून कीर्तनाची पदे म्हणत. तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी असे कोणी ना कोणी होऊन गेले असेल. दिवसाचे काम पोटाचे आणि रात्रीचे जिवाचे, अशी विभागणी ज्यांनी केली त्यांना वेसचे आयुष्य समजावून सांगावे लागत नाही.

आता दादांच्या तक्रारीकडे येऊ. जाझवादकाच्या मागे व्हायोलिने बसवणे हा प्रकार वेसपासून सुरू झाला नाही. चार्ली पार्करने १९४९ मध्येच तसे ध्वनिमुद्रण केले होते, आणि तेव्हाही कट्टर श्रोते रागावले. वेसनेही १९६३ साली रिव्हरसाइडसाठी तारवाद्यांबरोबर एक तबकडी केली होती. पुढे रिव्हरसाइड कंपनी बुडाली, वेस व्हर्व्ह कंपनीकडे आला, आणि तेथे निर्माता क्रीड टेलर याने ठरवले की ही गिटार जाझच्या थोड्या श्रोत्यांपुरती न ठेवता घरोघरी पोचवायची. त्यासाठी चाली ओळखीच्या, लांबी बेताची आणि मागे मोठा वाद्यवृंद. टीकाकारांनी याला विकले जाणे म्हटले. दादाही त्यांच्यातलेच.

पण ‘बंपिन’ कशी तयार झाली ते पाहिले म्हणजे हा आरोप या तबकडीला नीट बसत नाही. मे १९६५. न्यू जर्सीतील एंगलवूड क्लिफ्स येथे रूडी व्हॅन गेल्डर याचा स्टुडिओ. संयोजक, म्हणजे आपल्या फिल्मी स्टुडिओत ज्याला अरेंजर म्हणतात तो, डॉन सेबेस्की, वय सत्तावीस. समोर व्हायोलिन, व्हायोला, चेलो आणि हार्प वाजवणारी मंडळी, सारी कागद पाहून वाजवणारी. आणि मध्ये वेस, ज्याला नोटेशन वाचता येत नव्हते. तो कानाने शिकला आणि कानानेच वाजवीत होता. त्या वाचणाऱ्या मंडळींसमोर तो बुजला. सर्वांनी एकदम वाजवण्याचा बेत जमेना.

तेव्हा सेबेस्कीने क्रम उलटा केला. वेसने आपल्या छोट्या संचाबरोबर मनासारखे वाजवून घ्यावे; पियानो, बास, ड्रम आणि गिटार, बस्स. ते फितीवर उतरले की ते ऐकून आपण वाद्यवृंदाचे लिखाण करू, आणि तारवाद्ये मागाहून त्यावर भरू. फितीवर निरनिराळ्या पट्ट्यांत आवाज साठवता येत असल्यामुळे हे शक्य होते. एरवी असे होते की अरेंजर आधी कागद लिहितो, आणि गाणाऱ्या-वाजवणाऱ्याने त्या कागदाच्या चौकटीत आपली जागा शोधायची. येथे चौकट मागाहून आली, आणि ती वेसच्या मापाने बेतली गेली.

आपल्याकडे यालाच साथ म्हणतात. गवई जिकडे जाईल तिकडे सारंगीने जावे. तो थांबला की तिने त्याचा शेवटचा सूर धरून ठेवावा, आणि तो परत निघाला की वाट सोडावी. आपल्या कीर्तनात पेटीवाला हेच करतो. कीर्तनकार आख्यान रंगवता रंगवता एखादे पद मध्येच उचलतो. पेटीवाल्यापुढे कागद नसतो. त्याचे लक्ष कीर्तनकाराच्या तोंडाकडे असते. चांगल्या साथीची परीक्षा ही की ती काढून घेतली तर कळावी, आणि असताना जाणवू नये.

मुंबईच्या फिल्म स्टुडिओंतही हाच पेच होता. एका बाजूस सारंगी, सतार, बासरीवाले, ज्यांची विद्या कानातली. दुसऱ्या बाजूस गोव्याहून आलेले व्हायोलिन आणि ट्रम्पेटवाले, ज्यांनी लहानपणी चर्चच्या शाळेत नोटेशन गिरवलेले. दोघांना एका गाण्यात बसवण्याचे काम सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारख्या अरेंजरांनी केले. गोन्साल्विस यांनी १९५८ साली सेंट झेवियर्स कॉलेजच्या आवारात शंभरावर वादकांचा वृंद उभा केला आणि त्यात लता मंगेशकर आणि मन्ना डे यांना गायला लावले. दहा वर्षांनी, १९६८ मध्ये, शंकर-जयकिशन यांची ‘रागा जाझ स्टाइल’ ही तबकडी निघाली. त्यात रईस खाँ यांची सतार जाझच्या संचाबरोबर आहे. तीही दादांच्या ट्रंकेतून गेली. म्हणजे सेबेस्कीसमोर जो प्रश्न होता तो मुंबईच्या अरेंजरांना रोजचाच होता.

बरक्याला आल्यावर हीच गोष्ट आणखी एका जागी पाहिली. मुलाच्या सहकाऱ्याच्या घरच्या लग्नात आम्हाला बोलावणे होते. तेथे लिवा नावाचा नाच झाला. हा पूर्व आफ्रिकेतून समुद्रमार्गे या किनाऱ्यावर आला. मध्ये एकजण सनईच्या जातीचे वाद्य वाजवतो, भोवती ढोल आणि नाचणाऱ्यांचे कडे. आम्ही पाहिले की सनईवाल्याने सूर लांबवला की ढोल वाट पाहतात. त्याने वळण घेतले की तेही वळतात. कागद नाही, इशारा नाही. तेथून थोड्याच अंतरावरच्या राजधानीत सुलतान काबूस यांनी १९८५ साली एक वाद्यवृंद स्थापन केला. त्यासाठी ओमानी मुलामुलींना पहिल्या धड्यापासून व्हायोलिन-चेलो आणि नोटेशन शिकवले गेले, आणि तो वृंद आजही वाजवतो. कानाची विद्या आणि कागदाची विद्या या एकाच मुलखात अशा शेजारी नांदतात. कागदवाले वाईट आणि कानवाले चांगले, असे आमचे मुळीच म्हणणे नाही. प्रश्न एवढाच की दोघे एकत्र आले की कोणी कोणाची साथ करावी.

आता प्रत्यक्ष तबकडी. पहिलीच चाल ‘बंपिन’, वेसची स्वतःची, सर्वांत लांब, ब्लूजच्या वळणाची आणि संथ. गिटार घाई करीत नाही. एकेरी सुरांत दोन शब्द बोलते आणि थांबते. या थांबण्यात तारवाद्यांचा लांब सूर हळूच भरून येतो, आणि गिटार परत बोलू लागली की खाली बसतो. पुढे वेस जोडसुरांवर चढतो, तेव्हा व्हायोलिने त्याच्याशी चढाओढ करीत नाहीत. हे ज्याने लिहिले त्याने वेसचे वादन आधी पुन्हा पुन्हा ऐकले असले पाहिजे. आगाऊ लिहून ठेवलेल्या कागदाला वादक कोठे श्वास घेणार हे कसे कळणार?

‘टेअर इट डाउन’ आणि ‘मस्टी’ या चपळ चाली. येथे छोटा संच आघाडीवर आहे. ग्रेडी टेट याचे ड्रम आणि बॉब क्रॅन्शॉ याचा बास या दोघांनी धरलेली लय इतकी निर्धास्त आहे की ऐकताना पाय आपोआप ठेका धरतो. ‘कॉन आल्मा’ ही डिझी गिलेस्पीची चाल. तिच्यातील स्वरसंगती पावलोपावली कूस बदलते. अशी चाल मोठ्या वृंदाच्या हाती दिली की तिचा चिखल होण्याचे भय असते. येथे ती स्वच्छ राहिली आहे.

आमच्या मते तबकडीचे हृदय ‘मी कोसा’ या छोट्या चालीत आहे. तीही वेसचीच. येथे ताल जवळजवळ बाजूला ठेवला आहे. आलाप करावा तशी गिटार सुरांचे गुच्छ एकामागून एक उलगडते, कधी रेंगाळते, कधी पुढे सरकते. असल्या मोकळ्या वादनामागे वृंद ठेवणे म्हणजे झोपलेल्या मुलाच्या अंगावर पांघरूण घालण्यासारखे. हात जरा जड पडला की मूल उठते. सेबेस्कीचा हात जड पडलेला नाही. ‘हिअर्ज दॅट रेनी डे’ या जुन्या गाण्याला ब्राझीलच्या बोसा नोव्हाचा हलका ठेका दिला आहे. गाणे दुःखाचे, पण ठेक्यामुळे ते रडत नाही.

दोष नाहीत असे नाही. ‘द शॅडो ऑफ युअर स्माइल’ हे तेव्हाचे नवे सिनेमातले गाणे. ते येथे गोड वाजते आणि संपते. वेसला बोलायला जागाच मिळत नाही. ‘अ क्वाएट थिंग’मध्येही तारवाद्ये थोडी सैलावली आहेत. बहुतेक चाली तीन-चार मिनिटांत आवरल्या आहेत. वेससारख्या वादकाला तिसऱ्या पायरीवर पोचायला जो अवकाश लागतो तो पहिली चाल सोडली तर फारसा कोठे मिळत नाही. पाकाविषयी दादा बोलले ते या दोन गाण्यांपुरते खरे आहे, हे आम्ही मान्य करतो.

दादांच्या बाजूने आणखी एक पुरावा आम्ही होऊन देतो. ‘बंपिन’नंतर महिनाभराने, जून १९६५ मध्ये, वेसने न्यूयॉर्कच्या हाफ नोट क्लबात पियानोवादक विंटन केली याच्या त्रिकुटाबरोबर वाजवले, आणि त्याचे ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. तेथे व्हायोलिने नाहीत, घड्याळ नाही. गिटार अशी काही उसळते की अंगावर काटा यावा. कोणी म्हणेल, हाच खरा वेस, मग ‘बंपिन’ कशाला हवी? आमचे उत्तर असे की महिन्याभराच्या अंतराने माणूस दोन होत नाही. क्लबातला वेस मित्रांत बसून मोठ्याने हसणारा आहे; ‘बंपिन’मधला वेस रात्री घरी परतल्यावर, मुले निजल्यावर, हळू आवाजात बोलणारा आहे. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून ज्याने नखी टाकली, त्याचा हळू आवाजही त्याचाच.

पुढच्या तबकड्यांविषयी मात्र आम्ही असे म्हणू शकत नाही. १९६६ च्या ‘गोइंग आउट ऑफ माय हेड’ला ग्रॅमी पारितोषिक मिळाले. १९६७ मध्ये ‘अ डे इन द लाइफ’ भरपूर खपली. तिचाही संयोजक सेबेस्कीच होता. परंतु तेथे चाल लोकप्रिय गाण्याची, आराखडा ठरलेला, आणि वेस बहुतांशी जोडसुरांत ती चाल म्हणून दाखवतो. त्याचा सूर तसाच सुंदर आहे. पण आता तो वृंदाची साथ करतो आहे, वृंद त्याची नाही. कदाचित दादांनी या मागाहूनच्या तबकड्या आधी ऐकल्या असतील आणि त्यांचा राग ‘बंपिन’वर निघाला असेल.

त्यासाठी वेसला दोष द्यावा का? सात मुलांचा बाप, ज्याने वर्षानुवर्षे कारखान्याची पाळी करून रात्र रात्र वाजवले, त्याला चाळिशी उलटल्यावर प्रथमच पैसा आणि नाव मिळाले. ते त्याने सुखाने फार दिवस भोगलेही नाही. १५ जून १९६८ रोजी इंडियानापोलिसच्या घरी हृदयविकाराने तो गेला, वय पंचेचाळीस. त्याने काय विकले याचा हिशेब मांडणाऱ्यांनी हाही हिशेब मांडावा.

वाचकहो, तुम्ही आम्ही सारे कोणत्या ना कोणत्या मोठ्या वृंदात जाऊन बसलेली माणसे. नव्या देशातला कागद आपल्याला प्रथम वाचता येत नव्हता. कोणी तो शिकले, कोणी बुजले, कोणाचा आवाज त्यात मिसळून गेला. आणि क्वचित कोणाला असा सेबेस्की भेटला, की जो म्हणाला, तुम्ही आधी तुमच्या पद्धतीने म्हणा, आम्ही तुमच्या मागून येऊ. ‘बंपिन’ ऐकताना आम्हाला हे आठवत राहिले, आणि म्हणूनच ती कपाटात ठेवण्याजोगी नाही असे आमचे मत झाले.

ज्यांनी वेसला कधीच ऐकले नाही त्यांनी ‘मी कोसा’पासून सुरुवात करावी, मग ‘बंपिन’ ही पहिली चाल, आणि मग हाफ नोटचे वादन. रात्री, आवाज बेताचा ठेवून ऐकावे.

दादांना हा अंक लोदला पोचेलच. त्यांचे वय आता ब्याऐंशी, आणि मते अजून शाबूत. दादा, तुमची ठेव ठाण्याच्या कपाटात सुखरूप आहे. तिच्यावर ओरखडे फार नाहीत, कारण तुम्ही ती दोनदाच वाजवलीत. आता तिसऱ्यांदा ऐका, आणि तरीही पाकच लागला तर संपादकांना पत्र लिहा. आम्ही उत्तर देऊ.